नाकाच्या बाजूचा काळा ठिपका आणि ‘बेसल सेल कार्सिनोमा’चा रिपोर्ट

तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. वडील ६९ वर्षांचे, ऊसशेतीतले, सगळं आयुष्य उन्हात गेलेलं. डाव्या नाकपुडीच्या खाचेत चार वर्षांपूर्वी मसुराच्या डाळीएवढा काळा ठिपका दिसला. घरात सगळ्यांनी तो तीळच धरला. पंच्याने तोंड पुसताना रक्त यायचं, खपली धरायची, पडायची, परत रक्त. एका दवाखान्यात दोन वेळा इलेक्ट्रिक सुईने जाळून घेतलं आणि दोन्ही वेळा तुकडा तपासायला गेलाच नाही. आता तो परत आलाय, आठ-नऊ मिलिमीटरचा. या वेळी बायोप्सी झाली आणि कागदावर आलं, ‘पिग्मेंटेड बेसल सेल कार्सिनोमा, नोड्युलर’. एक डॉक्टर म्हणतात कापून काढू, दुसऱ्यांनी लावायचं क्रीम सुचवलं, आणि चुलते म्हणतात, कॅन्सरला हत्यार लागलं की तो पसरतो, हात लावू नका. बाबा त्या दिवसापासून नीट जेवत नाहीत.

आधी बाबांपर्यंत पोचवायचं ते सांगते. हा त्वचेचा कर्करोग आहे, ते नाकारू नका. पण कर्करोग म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे जे येतं, केमो, केस गळणं, खंगत जाणं, ते यात नाही. हा आजार शरीरात इतरत्र पसरणं अत्यंत विरळ आहे. हजार रुग्णांत फार तर काही जणांच्या बाबतीत तसं घडतं, तेही बहुधा वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालेल्या मोठ्या गाठींत. बाबांच्या जिवाला धोका नाही. धोका आहे तो नाकाला. म्हणून सोडून द्यायचं नाही, क्रीमवर भागवायचं नाही आणि तिसऱ्यांदा जाळायचं तर मुळीच नाही. कडा तपासून, पूर्ण काढून घ्यायचं. आता याच्या मागची कारणं सविस्तर सांगते, कारण चुलत्यांची समजूत तुम्हालाच घालायची आहे.

आपल्या त्वचेच्या वरच्या थरात सगळ्यात खाली पेशींची एक रांग असते, पायथ्याची रांग. तिथे नव्या पेशी तयार होतात आणि वर सरकतात. या पेशींनी कधी वाढायचं आणि कधी थांबायचं याचे संदेश ठरलेले असतात. उन्हातल्या अतिनील किरणांनी वर्षानुवर्षं मार खाऊन त्या संदेशांतला ब्रेक निकामी झाला की पेशी थांबायचं विसरतात. बेसल सेल कार्सिनोमा तो हाच. त्याच्या पेशींना जगायला आजूबाजूच्या त्वचेचा विशिष्ट आधार लागतो. रक्तात शिरून फुप्फुसात किंवा यकृतात जाऊन बस्तान मांडणं त्यांना सहसा जमत नाही. पण जिथे आहेत तिथे त्या नेटाने पसरतात. डब्लिनचे डॉक्टर आर्थर जेकब यांनी १८२७ साली हा आजार पहिल्यांदा नीट लिहून ठेवला. पुढे इंग्रजीत त्याला कुरतडणाऱ्या प्राण्यावरून ‘रोडंट अल्सर’ असं नाव पडलं, आणि ते नाव मला आजही सगळ्यात प्रामाणिक वाटतं. उंदीर पोतं कुरतडतो तसा हा सावकाश, न दुखवता, रोज थोडं खातो. त्वचा, मग चरबी, मग नाकाची कूर्चा. डोळ्याच्या कोपऱ्यात असला तर पापणी आणि अश्रूंची नळी. दुखत नाही म्हणून माणूस थांबतो.

तीळ समजला, ही तुमच्या घरच्यांची चूक नाही. परदेशी पुस्तकांतल्या चित्रांत हा आजार गुलाबी, मोत्यासारखा चकाकणारा दिसतो. आपल्याकडे तो बहुतेक वेळा काळा किंवा निळसर-काळा असतो, कारण आपल्या त्वचेतलं रंगद्रव्य गाठीतही उतरतं. मग घरचे तीळ समजतात, कुणी चामखीळ, आणि डॉक्टरसुद्धा वयोमानाने येणारा मस समजून सोडून देतात. तीळ बहुतेक लहानपणी किंवा तरुणपणी येतात. साठीत चेहऱ्यावर एकच नवा काळा ठिपका आला, तो वाढतोय, आणि विशेष काही न लागता त्यातून रक्त येतंय, तर तो दाखवायचाच. ‘बरं होतं, खपली पडते आणि परत तिथेच होतं’ हे वाक्य रुग्णाच्या तोंडून आलं की मी खुर्ची पुढे ओढते.

तपासताना मी आधी बोटांनी त्वचा दोन्हीकडे ताणते आणि बॅटरीचा उजेड आडवा टाकते. समोरून उजेड टाकला तर काहीच दिसत नाही. आडव्या उजेडात गाठीची कड किंचित उचललेली, दोऱ्यासारखी गुंडाळलेली आणि चकचकीत दिसते. मधे खड्डा, त्यावर खपली. मग डर्मोस्कोप लावायचा, म्हणजे उजेड असलेलं हातात धरायचं भिंग. त्यातून निळसर-राखाडी अंडाकार गोळे दिसतात, तपकिरी पानाच्या आकाराचे भाग दिसतात, कधी बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या मध्यापासून निघालेल्या रेषा, आणि झाडाच्या फांद्या फुटाव्यात तशा बारीक लाल रक्तवाहिन्या. तिळात रंगाची जी जाळी असते ती इथे नसते. एवढं दिसलं की निदान जवळपास झालेलं असतं. तरीही बायोप्सी लागतेच, कारण मेलॅनोमा हा दुसरा, खरोखर जिवावरचा काळा कर्करोग अधूनमधून असाच दिसतो. आपल्याकडे मेलॅनोमा चेहऱ्यापेक्षा तळपायावर आणि नखाखाली जास्त सापडतो, हे जाता जाता लक्षात ठेवा. बाबांच्या रिपोर्टमध्ये तो नाही.

एक आजी आठवतात. पंढरपूरकडच्या, कपाळावर जुन्या रुपयाएवढं कुंकू. त्याच्याखाली ‘खरूज’ झाली म्हणून दोन वर्षं मलमं लावत होत्या. कुंकवाची ॲलर्जी असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं, आणि स्टिरॉइडच्या ट्यूबा चालू होत्या. आजी कुंकू पुसू देईनात. मी म्हटलं, तुमच्याच हाताने पुसा, मी दुसरीकडे बघते. त्यांनी खोबरेल तेलाचं बोट फिरवलं. खाली निळसर काळी कड, मधे खोलगट जखम, आणि खपलीत वर्षानुवर्षांचं कुंकू मुरलेलं. डर्मोस्कोपमध्ये बैलगाडीचं चाक अगदी स्वच्छ दिसलं. शस्त्रक्रिया ठरली तेव्हा त्यांनी एकच विचारलं, ‘मग कुंकू कुठं लावू?’ आम्ही टाक्यांची रेघ कपाळाच्या आठीत बसवली. पुढच्या वर्षी आल्या तेव्हा कुंकू बरोबर त्या रेघेवर होतं आणि वण शोधावा लागत होता.

आता त्या दोन वेळच्या जाळण्याविषयी. मला याचा राग येतो, आणि तो राग कुठून येतो तेही सांगते. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक आले होते. कानशिलावर काळा, खडबडीत मस. वयाचा मस समजून मी तो सुईने जाळला आणि तुकडा टाकून दिला. अडीच वर्षांनी ते परत आले. वणाच्या खालून गाठ डोळ्याच्या कोपऱ्याकडे सरकली होती. जे काम पहिल्यांदा अर्ध्या तासात आणि चार टाक्यांत झालं असतं, त्यासाठी त्यांना गालाची त्वचा फिरवून लावायची शस्त्रक्रिया सोसावी लागली. त्यांनी मला एका शब्दाने दुखावलं नाही. त्या दिवसापासून चेहऱ्यावरून काढलेला एकही तुकडा फॉर्मॅलिनच्या, म्हणजे तपासणीसाठी तुकडा टिकवणाऱ्या द्रवाच्या, बाटलीत गेल्याशिवाय राहिलेला नाही.

जाळण्यात नुकसान दोन प्रकारचं आहे. तपासायला काही उरत नाही, हे एक. दुसरं असं, की वरची गाठ जळते पण मुळं खाली राहतात आणि त्यांच्यावर वण तयार होतो. मग त्या वणाखाली गाठ तुकड्यातुकड्यांनी, बेटांसारखी वाढते. वरून आठ मिलिमीटर दिसते आणि खाली किती आहे ते कुणालाच सांगता येत नाही. चुना आणि पापडखार लावून चामखीळ ‘पाडणारे’ गावोगाव आहेत, त्यांच्याकडे गेलेल्यांचंही हेच होतं. ब्यूटी पार्लरमध्ये तीळ काढून घेणाऱ्यांचंही. एखादा ठिपका काढायचाच असेल तर डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: तुकडा कुठल्या लॅबला पाठवणार?

बायोप्सीने किंवा सुरीने हा आजार पसरत नाही. चुलत्यांचा गैरसमज मला समजतो. त्यांनी असे लोक पाहिले असतील, ज्यांचं ऑपरेशन झालं आणि पुढे सहा महिन्यांत ते गेले. पण त्यांचे आजार वेगळे होते, आणि ऑपरेशनच्या आधीच पसरलेले होते. बेसल सेलच्या बायोप्सीत आपण तीन-चार मिलिमीटरचा गोल तुकडा, कागदाला पंचिंग मशीनने भोक पाडावं तसा, भूल देऊन काढतो. एखादा टाका. काम दहा मिनिटांचं. उलट याच तुकड्याने पुढचा सगळा मार्ग ठरतो.

कारण ‘बेसल सेल’ एवढं कळून पुरत नाही, प्रकार कळावा लागतो. नोड्युलर म्हणजे गाठीच्या रूपातला, कड बऱ्यापैकी स्पष्ट असलेला. सुपरफिशियल म्हणजे वरवरचा, पातळ, बहुतेक पाठीवर किंवा छातीवर सापडणारा. आणि मग ज्यांची धास्ती वाटावी असे: इन्फिल्ट्रेटिव्ह, मॉर्फिफॉर्म, मायक्रोनोड्युलर. यांच्या पेशी बारीक मुळांसारख्या निरोगी दिसणाऱ्या त्वचेत घुसतात. वरून नुसता पांढुरका वण वाटतो. रिपोर्टमध्ये ‘पेरिन्यूरल’ हा शब्द आला असेल, म्हणजे मज्जातंतूच्या कडेने पेशी गेल्या असतील, तर तो मुद्दाम विचारून घ्या. तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टमध्ये तो नाही, ही चांगली गोष्ट. पण बायोप्सीचा तुकडा चार मिलिमीटरचा, आणि गाठ दोनदा जाळलेली. उरलेल्या भागात घुसखोर प्रकार नसेलच, असं मी त्या कागदावरून म्हणणार नाही.

बाबांच्या बाबतीत दोन गोष्टी जोखीम वाढवतात. पहिली, जागा. डोळे, नाक, ओठ, कान आणि कानशील हा चेहऱ्याचा पट्टा या आजारासाठी सगळ्यात अवघड. तिथे गाठ खोल जाते, परत उद्भवण्याचं प्रमाण जास्त, आणि तिथेच कापायला जागा सगळ्यात कमी. नाकपुडीची खाच तर त्यातली कुप्रसिद्ध. दुसरी, ही गाठ परत आलेली आहे. म्हणून छोटी असूनही मी तिला साधी म्हणणार नाही.

आता शस्त्रक्रिया. पाठीवर दोन सेंटिमीटरच्या आतली, स्पष्ट कडेची गाठ असेल तर गाठीभोवती चार मिलिमीटर निरोगी दिसणारी त्वचा धरून, खालच्या चरबीसकट काढायची. एवढ्याने साधारण ९५ टक्के गाठी पूर्ण निघतात. पण नाकाच्या खाचेत सगळीकडून चार मिलिमीटर म्हणजे नाकपुडी गेली, आणि परत आलेल्या गाठीला चार मिलिमीटर पुरतीलच असं नाही. म्हणजे कमी कापावं तर राहण्याची भीती, जास्त कापावं तर नाकाचं नुकसान.

या पेचावर अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये फ्रेडरिक मोह्स यांनी १९३०च्या दशकात उत्तर शोधलं. त्यांच्या नावाने आज ‘मोह्स सर्जरी’ ओळखली जाते. ती समजायला आधी नेहमीची तपासणी समजून घ्या. काढलेला तुकडा लॅबमध्ये पावाच्या स्लाइससारखा उभा कापतात आणि त्यातल्या काही चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. दोन चकत्यांच्या मधला भाग बघितला जात नाही. रिपोर्टमध्ये ‘मार्जिन फ्री’, म्हणजे कडा मोकळ्या, असं लिहितात ते पाहिलेल्या चकत्यांपुरतं. कडेचा प्रत्यक्ष पाहिलेला भाग एखाद-दुसरा टक्काच असतो. मोह्सच्या पद्धतीत तुकडा द्रोणाच्या आकाराचा काढतात. मग द्रोण दाबून पत्रावळीसारखा सपाट करावा, तसा तो तुकडा दाबतात, म्हणजे त्याची कड आणि तळ एकाच पातळीत येतात. तो थर गोठवून, पातळ कापून, रंगवून त्याच वेळी सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. कड आणि तळ शंभर टक्के. कुठे पेशी राहिल्या तर नकाशावर खूण करायची आणि जखमेतून फक्त तिथूनच आणखी दीड-दोन मिलिमीटर काढायचं. बाकी निरोगी त्वचा वाचते. रुग्ण बाहेर पट्टी लावून बसलेला असतो, चहा पितो, परत आत येतो. दोन-तीन फेऱ्यांत सगळं स्वच्छ झालं की मग जखम बंद करायची.

फरक किती पडतो? नेदरलँड्समध्ये चेहऱ्यावरच्या जोखमीच्या गाठींवर दोन्ही पद्धतींची दहा वर्षं तुलना झाली. पहिल्यांदाच काढलेल्या गाठी परत येण्याचं प्रमाण नेहमीच्या पद्धतीत १२.२ टक्के आणि मोह्समध्ये ४.४ टक्के होतं. आधी परत आलेल्या, म्हणजे बाबांसारख्या गाठींमध्ये तेच प्रमाण १३.५ आणि ३.९ टक्के. तुमच्या जागी मी असते तर मोह्ससाठी मुंबई-पुण्याची खेप केली असती.

ती सोय झाली नाही तरी मार्ग आहे, आणि तो माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना मी सुचवते. एखाद्या मोठ्या रुग्णालयात प्लास्टिक सर्जन किंवा कॅन्सर सर्जन गाठ काढतात, तुकड्याला दिशेचा टाका घालतात, म्हणजे वरची बाजू कुठली, नाकाकडची कुठली ते लॅबला कळतं. जखम लगेच फ्लॅप, म्हणजे शेजारची त्वचा, फिरवून झाकत नाहीत. ड्रेसिंग करून ठेवतात. कडा मोकळ्या असल्याचा पक्का रिपोर्ट काही दिवसांनी आला की मग नाक दुरुस्त करतात. नातेवाइकांना उघडी जखम बघवत नाही आणि ते म्हणतात, एकदाच काय ते उरका. कृपा करून तो आग्रह धरू नका. कडेला पेशी राहिल्या आणि त्यावर गालाची त्वचा फिरवून शिवली, तर राहिलेली गाठ त्या नव्या त्वचेखाली गुपचूप वाढते आणि कळायला कित्येक वर्षं जातात. पुन्हा काढताना कुठली कड कुठे गेली तेही सापडत नाही.

नाक दुरुस्त करण्याबद्दल बाबांना एक गोष्ट जरूर सांगा, त्यांना धीर येईल. छोटी जखम गालाच्या त्वचेने झाकता येते. मोठी असेल तर कपाळाची त्वचा, तिचा रक्तपुरवठा भुवईजवळ शाबूत ठेवून, खाली वळवून नाकावर बसवतात. तीनेक आठवड्यांनी मधला पूल कापतात. ही युक्ती जगभरच्या प्लास्टिक सर्जनांनी आपल्याकडून घेतली आहे. कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान इंग्रजी फौजेच्या बैलांवर होता. टिपूच्या कैदेत त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याजवळ विटा घडवणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाच्या कातड्याने त्याला नवं नाक करून दिलं. त्याची हकिगत चित्रासकट १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली आणि तिथले सर्जन थक्क झाले. आज त्याच युक्तीत भूल आणि निर्जंतुक टाके यांची भर पडली आहे. बाबांना बहुधा एवढं मोठं लागणारही नाही.

शस्त्रक्रिया बहुतेक वेळा जागेवर भूल देऊन होते, पूर्ण बेशुद्ध करावं लागत नाही. भुलेचं इंजेक्शन नाकावर चांगलंच झोंबतं, ते आधी सांगून ठेवा, म्हणजे दचकणार नाहीत. बाबांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर त्या स्वतःहून बंद करू नका. सर्जन आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतील. बऱ्याचदा चालूच ठेवतात. तुम्ही लिहिलंय की बाबा तंबाखू मळतात. ती थांबवा, निदान शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर काही आठवडे. तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि फिरवलेली त्वचा काळी पडून गळू शकते. चेहऱ्यावरचे टाके साधारण पाच ते सात दिवसांत निघतात. दोन दिवस डोळ्याखाली सूज आणि काळंनिळं येतं. ते पाहून घाबरू नका.

आता क्रीम. इमिक्विमोड नावाचं पाच टक्क्यांचं क्रीम आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे लावायचं असतं. ते त्वचेतल्या प्रतिकारशक्तीला जागं करतं. पाठीवरच्या वरवरच्या, पातळ प्रकारासाठी ते चांगलं औषध आहे. मीही देते. ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात कमी जोखमीच्या गाठींना पाच वर्षांनी क्रीमने ८२.५ टक्के आणि शस्त्रक्रियेने ९७.७ टक्के यश आलं. पण नाकाच्या खाचेतली, दोनदा परत आलेली नोड्युलर गाठ ही त्याची जागाच नव्हे. वरचा भाग बरा दिसेल आणि खाली काम चालू राहील. जाळण्यात जे झालं तेच.

किरणोपचार हा खरा पर्याय आहे, पण शस्त्रक्रिया झेपणार नाही अशा वृद्धांसाठी. अनेक दिवस रोज रुग्णालयात जावं लागतं आणि कडा तपासायला तुकडा मिळत नाही. विस्मोडेगिब नावाची गोळी अमेरिकेत २०१२पासून आहे. ती बिघडलेल्या संदेशांवरच घाव घालते. पण ती कापण्यापलीकडे गेलेल्या गाठींसाठी. स्नायूंचे गोळे, चव जाणं, केस गळणं हे तिचे त्रास, आणि खर्च डोळे फिरवणारा. बाबांना तिची गरज नाही.

उन्हामुळेच का, असं तुम्ही विचारलंय. मुख्यतः हो. सावळ्या त्वचेत हा आजार गोऱ्या लोकांपेक्षा खूपच कमी होतो, पण होत नाही असं नाही, आणि पन्नास वर्षं बांधावर उभं राहिलेल्या माणसाच्या नाकाने भरपूर ऊन पाहिलेलं असतं. आपल्याकडे त्वचेच्या कर्करोगाची इतर कारणंही आहेत. जुन्या भाजलेल्या वणात होणारा, आर्सेनिकच्या पाण्याने होणारा. मुंबईत पॅथॉलॉजिस्ट डॉ. खानोलकरांनी १९४५ साली कमरेला घट्ट धोतर काचून होणाऱ्या कर्करोगाचं वर्णन केलं. साडीच्या परकराच्या नाडीखालीही तो होतो. ते बहुतेक स्क्वॅमस सेल प्रकारचे, वेगळे आणि जास्त आक्रमक. घरातल्या बायकांच्या कमरेवरची न भरणारी चीर म्हणूनच हसण्यावारी नेऊ नका.

तुम्हा भावंडांना तो वारशाने येईल का? नाही, या वयात एकच गाठ झाली तर तसं समजायचं कारण नाही. गॉर्लिन सिंड्रोम नावाचा आनुवंशिक प्रकार आहे, पण त्यात तरुणपणीच बऱ्याच गाठी होतात, जबड्यात पोकळ्या होतात, तळहातांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे असतात. बाबांचं चित्र तसं नाही.

खर्चाची काळजी तुम्ही शेवटच्या ओळीत, संकोचाने लिहिलीय. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक शस्त्रक्रिया बसतात. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेले असतात. रेशन कार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन आधी त्यांना भेटा, आणि तारीख ठरवण्याआधी मंजुरी घ्या.

जाताना बायोप्सीची काच आणि मेणाचा ब्लॉक लॅबमधून मागून न्या. तो तुमचा हक्क आहे आणि दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येतो. आधी कधी, कुठे, कशाने जाळलं ते एका कागदावर तारखांसकट लिहून न्या. जुने फोटो असतील, एखाद्या लग्नातले, तर तेही न्या. ठिपका पहिल्यांदा कुठे होता ते त्यावरून कळतं आणि सर्जनला वणाच्या खालचा अंदाज येतो. सर्जनला एवढंच विचारा: कडा कोण आणि कशा तपासणार, आणि नाक कधी बंद करणार?

नंतरही पहिलं वर्षभर चार-सहा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा दाखवत राहा. ज्याला एक झाला त्याला दुसरीकडे नवा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. म्हणून कानामागे, टाळूवर, पाठीवर कपडे काढून बघू द्या. गांधी टोपीने टाळू झाकते, नाक आणि कान उघडेच राहतात. शेतावर रुंद काठाची टोपी किंवा कपाळावरून पुढे ओढलेला टॉवेल बरा. अकरा ते तीनचं काम सकाळी उरकता आलं तर उत्तम.

ही धावपळ काही आठवड्यांत झाली तरी चालेल. उद्या सकाळीच धावायला हवं असं नाही, पण यंदाचा तोडणीचा हंगाम संपू दे, मग बघू, असंही नको. तोवर खपली ओढू नका, हळद-चुना लावू नका, पंच्याने न घासता मऊ सुती कापडाने टिपून घ्या. रक्त आलं तर स्वच्छ कापड दहा मिनिटं, मधे उचलून न बघता, दाबून धरा. आणि बाबांच्या चष्म्याचं डावं पॅड त्या जागेवर घासत असेल तर चष्मेवाल्याकडून थोडं वाकवून घ्या. आजच होण्यासारखं आहे.